एक्सप्लेनर : बालसंगोपन योजनेला सावित्रीबाईंचं नाव, पण मुलांच्या संरक्षणासाठी त्यांनी नेमकं काय केलं होतं?

मुरुडसारख्या गावात एखाद्या लेकराचे वडील गेले, की दिवसकार्य उरकल्यावर कुणीतरी जाणकार माणूस त्या आईला एका अर्जाबद्दल सांगतो. अर्जावर योजनेचं नाव असतं, 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना'. आई-वडील किंवा त्यांपैकी एक नसलेल्या, अथवा आजारपण, तुरुंगवास अशा कारणांनी पालक सांभाळू शकत नसलेल्या मुलांसाठी ही योजना आहे. मूल संस्थेत न जाता घरातच वाढावं म्हणून सरकार त्याच्यामागे दरमहा २,२५० रुपये देतं.

सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला मुलींची शाळा आठवते, रस्त्यात अंगावर पडणारं शेण आठवतं. ३ जानेवारीच्या भाषणांत शाळेबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण मुलांना वाचवण्याचं त्यांचं काम दोन ओळींत उरकतं. ते काम जवळपास ३५ वर्षं चाललं आणि त्यातच त्यांचा जीव गेला.

आज गावात 'ग्राम बाल संरक्षण समिती' असते आणि जिल्ह्यात 'बाल कल्याण समिती'. या दोन्ही ठिकाणी सरकारी नोकर नसलेल्या माणसांसाठी जागा ठेवली आहे. ती जागा का ठेवली असावी, हे सावित्रीबाईंच्या आयुष्यातून नीट समजतं.

थोडक्यात काय?

• १८६३ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं.
• १८८४ पर्यंत तिथे ३५ विधवांची बाळंतपणं झाली. त्यातली फक्त ५ मुलं जगली आणि हा आकडा फुल्यांनी स्वतःच सरकारला कळवला.
• १८७७ च्या दुष्काळात पकडलेल्या कार्यकर्त्यांसाठी सावित्रीबाईंनी थेट कलेक्टरला जाब विचारला.
• १८९७ मध्ये प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली आणि त्यातच त्यांचं निधन झालं.
• आजच्या बाल न्याय कायद्यात यातल्या बऱ्याच गोष्टी कलमांच्या रूपात आहेत.

नायगावची मुलगी शिक्षिका कशी झाली?

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० मध्ये पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या ९ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव १३ वर्षांचे. आज असं लग्न ठरलं तर ते रोखण्याची कायदेशीर जबाबदारी गावच्या ग्रामसेवकावर असते. तेव्हा तीच रीत होती.

जोतीराव वर्षाचे असतानाच त्यांची आई वारली होती. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं. आईविना वाढलेलं मूल काय असतं, हे त्या घराला ठाऊक होतं.

सावित्रीबाईंचं शिक्षण लग्नानंतर सुरू झालं. आधी जोतीरावांनी शिकवलं. मग अहमदनगरला मिस फॅरार आणि पुण्यात मिस मिचेल यांच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण झालं. १८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, दोघांना घर सोडावं लागलं. आसरा दिला उस्मान शेख यांनी. त्यांच्या कुटुंबातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका झाल्या.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. या शाळा एका जोडप्याच्या लहरीवर चालत नव्हत्या. कारभार पाहायला समिती होती. सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर असे सहकारी होते. मुलींच्या परीक्षा लोकांसमोर जाहीरपणे घेतल्या जात, म्हणजे मुली काय शिकतात हे कुणीही येऊन पाहू शकत होतं. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला, त्याआधीच अशी पाहणी होऊन गेली होती. लोकांकडून वर्गणी घ्यायची तर काम लोकांना दाखवायचं, ही सवय फुल्यांना तेव्हापासून होती.

१८६३ मध्ये असं काय घडलं?

त्या काळी ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत विधवेला पुन्हा लग्न करता येत नसे. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला, पण समाजाने तो मानला नाही. मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत. नवरा वारला तर मुलगी वयात येण्याआधीच विधवा व्हायची. मग नात्यातला किंवा शेजारचा एखादा पुरुष तिचा गैरफायदा घ्यायचा आणि दिवस गेले की जबाबदारी झटकायचा. त्या बाईपुढे तीनच वाटा उरत : जीव द्यायचा, घातक औषधं घेऊन गर्भ पाडायचा, किंवा जन्मलेलं मूल मारायचं.

गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले. बाळ जन्मलं तेव्हा तिने लोकलाजेस्तव त्याला मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत प्रकरण बाहेर आलं. खटला चालला आणि काशीबाईला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. भारतीय दंड संहिता नुकतीच, १८६२ पासून, लागू झाली होती. शिक्षा देण्याची व्यवस्था होती, पण ते बाळ वाचावं म्हणून आधी मदतीला येईल अशी व्यवस्था नव्हती.

हे फुल्यांच्या अगदी जवळच्या घरात घडलं होतं. त्यानंतर जुन्या गंज पेठेतल्या आपल्या राहत्या जागेत त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. आज त्या वास्तूला आपण फुले वाडा किंवा समता भूमी म्हणून ओळखतो.

या घरात काम कसं चालायचं?

सगळ्यात आधी जाहिरात केली गेली. ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील पत्रकं चिकटवण्यात आली. त्यांतला मजकूर सरळ होता. विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं. मूल सोबत न्यायचं की इथे ठेवायचं, हे आईने ठरवावं. ठेवलं तर त्याची काळजी इथे घेतली जाईल.

यात तीन गोष्टी आहेत. नाव गुप्त राहील, निर्णय आईचा राहील आणि मूल वाऱ्यावर पडणार नाही. पहिल्या दोन नसत्या तर तिसरीपर्यंत कुणी पोचलंच नसतं. कारण मदत मागायला गेलो की गावभर बभ्रा होणार, ही भीती असेल तर माणूस मदत मागत नाही. मुलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना आजही सगळ्यात आधी हीच भीती दूर करावी लागते.

जोतीरावांचं नाव बाहेर होतं, तरी घरातलं रोजचं काम सावित्रीबाईंवर होतं. बाळंतिणीची देखभाल, नवजात बाळाला न्हाऊमाखू घालणं, आजारपण, रात्रीची जागरणं, हे सगळं त्याच घरात व्हायचं. या जोडप्याला स्वतःचं मूल नव्हतं. जातीने 'वरच्या' समजल्या जाणाऱ्या घरांतल्या बायका शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या घरात येऊन बाळंत होत होत्या आणि त्यांना आसरा देणारं हे जोडपं त्याच वस्तीत शिव्या खात होतं.

आकडे काय सांगतात?

१८८४ मध्ये मुंबईचे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि लादलेलं वैधव्य या विषयांवर टिपणं काढली. त्यावर मतं मागवली गेली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये जोतीरावांनी उत्तर दिलं, तेव्हा त्यांनी आपल्या गृहाचा हिशेबही मांडला. तोपर्यंत ३५ गर्भवती विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यातली ५ मुलं हयात होती. ३० दगावली होती.

कारणही त्यांनी दिलं. दिवस गेल्याचं लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधं घेतलेली असत आणि पोटातच बाळाला इजा झालेली असे. म्हणजे त्या बायका या दारापर्यंत फार उशिरा पोचत होत्या.

३५ पैकी ३० हा आकडा वाचताना चटका लावतो. एखाद्या संस्थेने तो झाकून ठेवला असता आणि ३५ आयांचे प्राण वाचवल्याचंच सांगितलं असतं. फुल्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. किती मुलं आली, किती गेली आणि का गेली, ही माहिती असेल तरच पुढे काय सुधारायचं ते कळतं. आज बालगृहांच्या तपासणीत हेच प्रश्न विचारणं अपेक्षित असतं.

यशवंत कोण होता?

१८७४ च्या सुमारास या घरात आणखी एक काशीबाई आली. ही काशीबाई वेगळी. तीही ब्राह्मण विधवा होती. तिला मुलगा झाला. फुले दांपत्याने तो दत्तक घेतला आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं.

बाळाचा जीव वाचवणं आणि त्याला आपलं म्हणणं यात मोठं अंतर आहे. यशवंतच्या जन्मावरून पुढे आयुष्यभर बोललं गेलं. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र केलं आणि यशवंतला रीतसर वारस केलं. १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्याचं लग्न झालं. मुलगी हडपसरचे सत्यशोधक ग्यानोबा ससाणे यांची होती. यशवंत शिकून डॉक्टर झाला आणि लष्कराच्या वैद्यकीय नोकरीत गेला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून वाद उभा राहिला, कारण दत्तक मुलाचा हक्क नातेवाइकांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. बाईने हे करणं त्या काळात ऐकिवात नव्हतं. ही घटना बहुधा स्त्री-पुरुष समानतेचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्यामागे दत्तक घेतलेल्या मुलाच्या हक्काचा वाद होता, हेही सांगायला हवं.

दुष्काळात सावित्रीबाईंनी कलेक्टरला काय विचारलं?

१८७६-७७ चा दुष्काळ दख्खनभर पसरला होता. पुणे, नगर, सोलापूरची माणसं लेकराबाळांसह गाव सोडून निघाली होती. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते मदतीला उतरले. सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात दुष्काळाचं वर्णन आहे : जनावरं मरत आहेत, पाणी नाही, माणसं झाडपाला खात आहेत, काही जण मुलांना मागे टाकून निघून जात आहेत.

त्याच पत्रात कामाची पद्धतही कळते. गरजूंना धान्य पोचावं म्हणून सत्यशोधकांनी भागाभागात समित्या केल्या होत्या. दुसरीकडे सावकार संधी साधत होते आणि त्यावरून तणाव होता. अशातच खोट्या तक्रारींवरून सुमारे ५० सत्यशोधकांना पकडण्यात आलं. चौकशीला आलेल्या कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतलं. आमच्या चांगल्या माणसांना विनाकारण का डांबलं, असं त्यांनी त्याला विचारलं आणि सगळ्यांना सोडायला सांगितलं. कलेक्टरने ऐकून घेतलं, हाताखालच्या लोकांना समज दिली, कार्यकर्त्यांना सोडलं आणि ज्वारीच्या चार गाड्या पाठवून दिल्या.

त्या वेळी सावित्रीबाईंकडे कुठलंही पद नव्हतं. त्यांच्याकडे होती ती माहिती : कोणत्या गावात काय चाललंय, कोणाला पकडलं, कोणाच्या घरी चूल पेटली नाही. ती जवळ असल्यामुळेच कलेक्टरसमोर त्यांना ठामपणे बोलता आलं.

मुलांसाठी वेगळी सोयही त्याच वर्षी झाली. पुण्याजवळ धनकवडीला 'व्हिक्टोरिया बालाश्रम' सुरू झाला आणि दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलांना तिथे जेवू घालण्यात येऊ लागलं. मे १८७७ मध्ये जोतीरावांनी त्यासाठी लोकांकडे मदतीचं जाहीर आवाहन केलं.

शेवटचे दिवस कसे होते?

जोतीरावांनंतर सत्यशोधक समाजाची धुरा सावित्रीबाईंनी सांभाळली. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेगने थैमान घातलं. सरकारने फेब्रुवारीत साथरोग कायदा आणला. घरोघरी शिरून झडत्या सुरू झाल्या, रुग्णांना जबरदस्तीने नेलं जाऊ लागलं. लोक सरकारी पथकांच्या धाकाने आजारी माणसं लपवू लागले. सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात उपचारांची सोय केली. वस्त्यांमधून रुग्ण आणायचं काम त्या स्वतः करायच्या. तेव्हा त्यांचं वय ६६ होतं.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. जवळ होता तो यशवंत, ज्याला त्यांच्या घरी जन्म आणि आसरा मिळाला होता.

त्यांच्यानंतर काय झालं?

फुल्यांच्या गृहानंतर १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने बालकाश्रम उभा राहिला. पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पंढरीच्या वारीत आणि नदीकाठी सोडून दिलेल्या बाळांना तिथे आसरा मिळाला. सरकारने कायदा केला तो बऱ्याच नंतर. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांसाठीचा पहिला कायदा झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. देशभरासाठी बाल न्याय कायदा १९८६ मध्ये आला. तो २००० मध्ये नव्याने झाला आणि सध्याचा कायदा २०१५ चा आहे.

म्हणजे आधी नागरिकांनी काम उभं केलं आणि मग सरकार त्यात आलं. त्यामुळे सरकारी यंत्रणेतही नागरिकांची जागा राहिली. जगात इतरत्रही असं दिसतं. अमेरिकेत १९९६ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार बाल संरक्षण खातं नीट काम करतं की नाही हे तपासण्यासाठी प्रत्येक राज्याला सामान्य नागरिकांची पुनरावलोकन मंडळं नेमावी लागतात.

आजच्या कायद्यात नागरिकांना कुठे जागा आहे?

• बाल कल्याण समिती : प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. संबंधित विषयाची पदवी आणि मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान ७ वर्षांचा अनुभव असलेले, किंवा संबंधित विषयाची पदवी असलेले व्यावसायिक यांतून त्यांची निवड होते. ही समिती महिन्यातून किमान २० दिवस बसते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बालसंगोपन योजनेचा आदेशही हीच समिती देते.

• बाल न्याय मंडळ : कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी. एका न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यातली एक महिला असावीच लागते.

• तपासणी समिती : बालगृहांना दर तीन महिन्यांत किमान एकदा भेट द्यायची. पथकात किमान तीन जण, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. भेटीनंतर आठवड्यात अहवाल द्यायचा. जिल्ह्याच्या समितीत मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नागरी संस्थांनाही स्थान आहे.

• सहायक व्यक्ती : लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पॉक्सोच्या प्रकरणात तपास आणि खटल्याच्या काळात मुलाला साथ देण्यासाठी बाल कल्याण समिती अशी व्यक्ती नेमू शकते.

• ग्राम बाल संरक्षण समिती : सरपंच अध्यक्ष. अंगणवाडी सेविका, आशा किंवा आरोग्य कर्मचारी, शिक्षक, गावातले जाणते लोक आणि मुलांचे दोन प्रतिनिधी असावेत अशी तिची रचना आहे.

आणि यातलं काहीही नसलेला साधा नागरिक? संकटातल्या मुलाला बाल कल्याण समितीसमोर कोण आणू शकतं, याची यादी कायद्यात आहे. पोलीस, डॉक्टर, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ता यांच्यासोबत तीत सामाजिक भान असलेला कोणताही नागरिकही आहे. मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, समितीपुढे हजर करावं लागतं. सापडलेल्या मुलाची माहिती २४ तासांत न कळवणं हा गुन्हा आहे.

१८६३ ची पत्रकं आज कायद्यात कुठे दिसतात?

सावित्रीबाईंच्या पत्रकात जे होतं, ते आज कलम ३५ मध्ये आहे. परिस्थितीमुळे मूल सांभाळणं शक्य नसेल तर आई-वडील ते बाल कल्याण समितीकडे सोपवू शकतात. आधी समुपदेशन होतं. फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या काळात आईला मूल परत हवं असेल तर ती मागू शकते. नाव गुप्त ठेवलं जातं. असं मूल सोपवणं हा गुन्हा नाही.

तरीही नवजात बाळ उसाच्या फडात किंवा रस्त्याकडेला सापडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. १८८४ च्या आकड्यांतली अडचण आजही तशीच आहे. सोय असते, पण ती असल्याचं योग्य वेळी त्या बाईला कळत नाही. तेव्हा पेठेच्या कोपऱ्यावर पत्रक लागलं होतं. आज ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर, अंगणवाडीत, दवाखान्यात लागलेली असायला हवी.

मुरुडसारख्या गावात हे का महत्त्वाचं?

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं मोठं बाजाराचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं इथे शाळा, दवाखाना, बाजार यासाठी येतात. मराठवाड्यात दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबं बाहेर पडतात. मुलं एक तर फडावर जातात किंवा आजी-आजोबांकडे मागे राहतात. मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहं चालवली जातात. ती कशी चालतात यावर लक्ष ठेवणं हे गावातल्या पालकांचंच काम आहे.

वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती वाटते म्हणून तिचं लग्न उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झाल्याचं दिसलं. तारीख ठरल्याची कुणकुण बाहेरच्या अधिकाऱ्याआधी शेजाऱ्यांना लागते. तेव्हा वेळेत माहिती देण्याचं काम गावातल्याच माणसाला करावं लागतं.

पुढच्या ग्रामसभेत हे विचारता येईल :

१. आपल्या गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे का? सदस्य कोण? मागची बैठक कधी झाली?
२. आई-वडील दोघं किंवा एक नसलेली किती मुलं गावात आहेत? त्यातल्या किती जणांचा बालसंगोपनाचा अर्ज गेला, किती मंजूर झाले, किती अडकले आणि का?
३. शाळेतून नाव गेलेली किंवा महिनाभर न आलेली मुलं कोणती? ती सध्या कुठे आहेत?
४. हंगामी वसतिगृह सुरू असेल तर तिथे शेवटची भेट कोणी आणि कधी दिली?
५. १०९८ हा क्रमांक शाळा आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लिहिला आहे का?

उत्तरं आकड्यांत मागा आणि इतिवृत्तात नोंदवायला सांगा. मुलांची नावं मात्र सभेत घेऊ नका.

फोन हातात असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा

संकटात सापडलेल्या किंवा अत्याचार झालेल्या मुलाचा फोटो, नाव, शाळा, पत्ता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं गुन्हा आहे. हेतू मदतीचा असला तरी. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मूल सापडलं, मारहाण दिसली, बालविवाह ठरल्याचं कळलं, तर आधी १०९८ वर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. तातडीचा धोका असेल तर ११२.

बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. गावात अर्ज भरायला कुणाला अडचण असेल, तर अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा आणि कागदपत्रं गोळा करायला त्या आईसोबत जा. सावित्रीबाईंच्या नावाची योजना त्या घरापर्यंत अशीच पोचेल.